साहेब कुठं बसतात?

नव्या गिऱ्हाइकाच्या घरी गेलो की चपला काढता काढताच मी हा प्रश्न विचारायचो. खोली नंतर, आधी प्रश्न. घरातलं कोणीतरी एखाद्या खुर्चीकडे नाहीतर सोफ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवायचं. मी तिथं जाऊन बसायचो, डोळे मिटायचो, दोन टाळ्या वाजवायचो आणि तो आवाज कोणत्या भिंतीवरून किती वेळानं परत येतो ते ऐकायचो. घरातली मुलं हसायची. एका आजोबांनी तर आत जाऊन विचारलं होतं, "हा मिस्त्री आहे का मांत्रिक?" पण माझं अर्धं काम तिथंच झालेलं असायचं.

काम म्हणजे घरात स्पीकर बसवणं. नागपुरात असा धंदा करणारे तेव्हा फार नव्हते. स्पीकर काय, कुठंही ठेवला तरी वाजतो, त्याला बसवायचं काय, असं लोकांना वाटायचं. त्यांना मी सांगायचो की तंबोराही कुठंही ठेवता येतो, पण माळ्यावर ठेवून कोणी गात नाही. स्पीकर कोपऱ्यात दाबला तर तो नुसता घुमतो, शब्द एकमेकांत चिकटतात. कपाटात ठेवला तर माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. समोरचे स्पीकरचे दोन डबे आणि ऐकणारा यांचा त्रिकोण जमला पाहिजे. डबा भिंतीपासून हातभर पुढं आणि कानाच्या उंचीवर पाहिजे. आणि मागचे स्पीकर असतील तर ते आहेत हे कळता कामा नये, फक्त नसले की चुकल्यासारखं वाटलं पाहिजे. एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळी माणसाशी हुज्जत, आणि ती घालायला मी कधी मागं हटलो नाही.

ही हुज्जत मी मैदानात शिकलो. साठच्या दशकाच्या शेवटी सीताबर्डीवरच्या एका माइकच्या दुकानात लागलो. तिथं रहीम उस्ताद होते. सभा असो, लग्न असो, कव्वाली असो, भोंगे बांधायला तेच जायचे. मी खांबावर चढून विचारायचो, "उस्ताद, तोंड किधर करू?" उस्ताद सायकल काढायचे आणि मैदानाच्या पार टोकाला जाऊन उभे राहायचे. तिथून हात हलवायचे. पुढं बसलेल्यांकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. म्हणायचे, "मेश्राम, आखरी आदमी किधर बैठा है, पहले वो देख. सामनेवाला तो बिना माइक के भी सुन लेगा." शेवटचा आदमी म्हणजे बहुतेक वेळा बाया असायच्या, झाडाखाली पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांना भाषण ऐकू आलं की उस्तादांचं काम झालं.

सत्तर सालानंतर मी एका टॉकीजमध्ये साउंड मेकॅनिक झालो. मोठ्या पडद्याचे पिक्चर आले होते आणि हॉलच्या दोन्ही भिंतींवर, मागच्या भिंतीवरही स्पीकरच्या रांगा बसवल्या होत्या. पहिल्यांदा पडद्यावरची आगगाडी मागच्या भिंतीतून आली तेव्हा मी दारापाशी उभं राहून लोकांकडेच बघत होतो. काटोलकडचा एक म्हातारा होता. गाडी मागून आली तशी त्यानं पायाशी ठेवलेली पिशवी पटकन उचलून मांडीवर घेतली. त्या पिशवीचं मला आजही कौतुक वाटतं. मला कोणी मानपत्र दिलेलं नाही, पण ती पिशवी मी मानपत्रात धरतो.

तिथंच एकदा डाव्या भिंतीची अख्खी रांग वाजूनही वाजेना. मॅनेजर म्हणाला, मशीन बदला. मी टॉर्चचा सेल काढला आणि एकेका स्पीकरच्या तारांना लावून बघितला. सेल लावला की स्पीकरचा आवाज काढणारा कागदी पडदा, आम्ही त्याला नुसता कागद म्हणतो, पुढं यायला पाहिजे. इथं मागं जात होता. म्हणजे तारा उलट्या. उजवी भिंत ढकलत होती तेव्हा डावी ओढत होती आणि मधे बसलेल्याच्या वाट्याला काहीच येत नव्हतं. एका सेलवर काम झालं. पुढं त्याच मॅनेजरनं बाल्कनीतल्या कुणा पाहुण्याला त्रास होतो म्हणून मागची रांग बंद करायला सांगितली. मी करणार नाही म्हणालो. तो म्हणाला, मग घरी बस. मी घरी बसलो आणि घरीच डबे बनवायला लागलो.

टॉकीजमधलं ते वेड मी माणसांच्या घरात नेलं. दुबईहून भाचे-पुतणे रंगीत टीव्ही, व्हीसीआर, स्टिरिओ अॅम्प्लिफायर आणत होते. टॉकीजसारखा आवाज खोलीत पाहिजे, असं म्हणणारी माणसं निघायला लागली होती. अॅम्प्लिफायरला जागा दोनच स्पीकरची. मागचे जोडायचे कसे? त्यासाठी माझी एक युक्ती होती. डाव्या आणि उजव्या दोन्हीकडच्या फक्त लाल तारा घ्यायच्या, काळ्यांना हात लावायचा नाही, आणि त्या दोन लाल तारांच्या मधे मागचे स्पीकर जोडायचे. मग दोन्हीकडे जे सारखं असतं ते कटतं, जे वेगळं असतं तेवढंच मागं वाजतं. पिक्चरमधलं बोलणं दोन्हीकडे सारखं असतं, म्हणून ते मागं येत नाही. येतो तो पाऊस, टाळ्या, गर्दी, वाजंत्री. पडद्यावरचा माणूस समोरच बोलतो आणि पाऊस तुमच्या मागं पडतो. ही युक्ती मी कोणाला फुकट सांगितली नाही, इथं पहिल्यांदाच लिहितो आहे.

गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. वाडीचे एक ट्रान्सपोर्टवाले शेठ होते. गोदामाच्या वर खोली, खाली दिवसभर ट्रक. ते म्हणाले, "मेश्राम, मले आवाज छातीत लागला पाहिजे." मी म्हणालो, "शेठ, छातीत लागायले खालचे ट्रक आहेत. मी कानाचं काम करतो." त्यांना आठ स्पीकर पाहिजे होते, मी चारच बसवले. त्यांनी माझ्या माघारी दुसऱ्याकडून आणखी चार जोडून घेतले आणि अॅम्प्लिफायरमधून धूर निघाला, तेव्हा पुन्हा माझ्या चारवर आले. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावलं, कारण आवाज खरखरत होता. जाऊन पाहतो तर चारही स्पीकरच्या कागदांवर ओल्या हळदकुंकवाची पाच-पाच बोटं. दसऱ्याला हत्यारांची पूजा, त्यात ट्रकांची झाली, तशी घरच्या बाईंनी जाळी काढून स्पीकरांचीही केली होती. वाळलेलं कुंकू कागद धरून ठेवत होतं. ते खरवडायचा मला धीर झाला नाही. मी चारही स्पीकर बदलले आणि जुने माझ्या दुकानात तसेच लावून ठेवले. कोणी विचारलं तर सांगायचो, हे पूजेतले.

अशा गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगतो. वैरागडे साहेबांच्या खोलीची गोष्ट मात्र फारशी सांगितली नाही, कारण तीत हसण्यासारखा कोणी असेल तर तो मी आहे.

वैरागडे साहेब खापरखेड्याच्या वीज केंद्रातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. नागपुरात घर बांधलं आणि त्यात एक लांब खोली पिक्चरसाठी काढली. पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे कडक इंजिनिअर कसे असायचे ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. त्यांनी मला आलेख कागदावर काढलेला नकाशा दिला. खिडक्या, दारं, पंखा, सगळं मापात. टीव्ही पश्चिमेच्या आखूड भिंतीला, समोर सोफा, सोफ्याशेजारी त्यांची वेताची खुर्ची. मग नकाशाची घडी घालत खालच्या आवाजात म्हणाले, "मेश्राम, हे सगळं माझ्यासाठी नाही. हिच्यासाठी आहे."

त्यांच्या बायकोचे, शांतावैनींचे, डोळे काचबिंदूनं गेले होते. पूर्ण. त्याआधी वैनींना पिक्चरचं भारी वेड. कॉलनीच्या मैदानात पडदा लागला की सगळ्यांत पुढं सतरंजी त्यांची. डोळे गेल्यावर त्यांनी पिक्चरचं नावच टाकलं. साहेब म्हणाले, "तिला दिसणार नाही, पण तिला त्यात बसवता आलं पाहिजे. तुम्ही करू शकता, असं ऐकलं."

इतकं सगळं माणसानं तोंडानं सांगितल्यावर मी काय विचारावं? मी विचारलं, "साहेब, तुम्ही कुठं बसता?"

ते म्हणाले, "इथं, खुर्चीत. ही बाजूला सोफ्यावर बसेल." वैनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे वळलोही नाही.

जानेवारीत काम केलं आणि जीव ओतून केलं. तारा प्लास्टरच्या आत घेतल्या. समोरचे दोन डबे सागवानी. मागचे दोन पूर्वेच्या भिंतीवर, दोन कोपऱ्यांत. ट्रायलच्या दिवशी वैनी पाहुण्यासारख्या सोफ्यावर बसल्या. साहेबांनी एका पिक्चरची कॅसेट मधूनच पाच मिनिटं लावली. त्यात पाऊस सुरू झाला तसा वैनींनी मान वळवून हात मागं नेला आणि म्हणाल्या, "खिडकी उघडी राहिली का वं?" कामवाल्या बाईला विचारत होत्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. मी त्या दिवशी घरी जाताना सायकल हळू चालवली, एवढा खूश होतो.

मे महिन्यात निरोप आला, मागचा डावा स्पीकर फाटला. दुपारीच गेलो. दार उघडलं आणि कूलरच्या घरघरीत शिरलो. ज्यांनी नागपूरचा मे काढलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे एप्रिल लागला की खिडकीत लोखंडी पिंजऱ्याएवढा कूलर चढतो. तिन्ही बाजूंना वाळ्याच्या टट्ट्या, आत पाण्याचा पंप आणि टॉकीजच्या पंख्याएवढा पंखा. तो चालू असला की घरात माणसं ओरडून बोलतात आणि आपण ओरडतो आहोत हे त्यांना कळत नाही. वैरागडेंचा कूलर दक्षिणेच्या खिडकीत होता, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. डावा मागचा स्पीकर त्याच्याच वर. ओल्या हवेनं स्पीकरचा कागद पापडासारखा मऊ होऊन फाटला होता. हिवाळ्यात काम केलं आणि उन्हाळ्याचा विचार केला नाही. नागपूरच्या माणसाला ही चूक शोभत नाही.

साहेब टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर गेले. मी स्टुलावर चढून पेच काढत होतो. खाली, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, एका पाटावर शांतावैनी बसल्या होत्या. पाटावर पातळ गादी, बाजूला पाण्याचा तांब्या. ती जागा रोजची आहे हे बघताच कळत होतं.

"मेश्राम भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमचा धंदा कानाचाच न?"

"हो वैनी."

"तं मंग एक सांगा. माणसाचे कान जातात तं पयले काय जाते? बोलणं जाते का?"

मी पेचकस थांबवला. "काहून वैनी?"

"मले पाऊस ऐकू येते. टाळ्या येतात, पेटी-तबला येते. फक्त पिक्चरमधले लोक काय बोलून राहिले ते येत नाही. थंडीत थोडं थोडं येत होतं. आता तेही गेलं. माहे डोळेही असेच गेले. पयले कडेकडेचं गेलं, मंग मधातलं. आता कानही तसेच जाऊन राहिले वाटते."

त्यांचा आवाज रडका नव्हता. गॅस संपत आला का हो, असं विचारावं तसं विचारलं होतं. मी म्हणालो, "साहेबांले सांगितलं का?"

"नाही. अन् तुम्हीही सांगू नका. त्यायनं एवढ्या हौसेनं केलं. ते विचारतात, कसा होता? मी म्हणते, मस्त होता."

"नाही सांगत. मंग पिक्चर समजते कसा तुम्हाले?"

"मनानं लावते न. वाजंत्री कशी वाजते त्यावरून समजते, कोणाचं लगीन लागलं का कोणी मेलं." आणि चहा ठेवायला त्या उठल्या. भिंतीला हात न लावता आत गेल्या.

मी खाली उतरलो आणि त्यांच्या पाटावर बसलो. नवा स्पीकर लागलेला होता. कॅसेट चालू केली. समोर वीस फुटांवर टीव्हीत दोन माणसं तोंडं हलवत होती. मला त्यांचा एक शब्द ऐकू येत नव्हता. कानाशी कूलर, डोक्यावर दोन हातांवर माझा स्पीकर, आणि त्या स्पीकरमध्ये माझी ती खास युक्ती. सगळं ऐकवायची, फक्त बोलणं सोडून. कूलरवर मात करायला साहेबांनी मागचा आवाज वाढवून ठेवला होता. डोळे असलेल्या माणसाला निदान तोंडं हलताना दिसली असती. मी एका आंधळ्या बाईला चार महिने पाऊस आणि टाळ्या ऐकवत बसवलं होतं आणि तिला वाटत होतं की आता कानही चालले.

मला त्या पाटावर जी लाज वाटली ती मी लपवत नाही. उस्ताद असते तर त्यांनी माझ्या हातातला पेचकस काढून घेतला असता. मैदानात मी शेवटच्या बाईपर्यंत जात होतो आणि या वीस फुटांच्या खोलीत गेलो नव्हतो. चहा पिताना मी वैनींना म्हणालो, "कान तुमचे नाही गेले. माहे गेले होते. ही खोली मी फिरवतो." त्यांचा विश्वास बसला नाही. "बरं," म्हणाल्या, समजूत काढणाऱ्या माणसाला म्हणतात तसं.

संध्याकाळी घरी आलो. आमच्या घरात मी स्वतः बनवलेले दोन मोठे डबे होते, माझ्या खाटेसमोर, मापात. बायको भाकरी थापत होती. मी विचारलं, "गाणी ऐकताना तू कुठं बसतं?"

ती थापता थापता म्हणाली, "मी कुठं बसते? मी उभीच असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मी वैरागडेंकडे हजर. साहेबांना म्हणालो, खोली चुकली आहे, फिरवावी लागेल. टीव्ही उत्तरेच्या लांब भिंतीला, स्वयंपाकघराच्या दारासमोर न्यायचा. साहेबांनी कपाटातून आलेख कागद काढला. "हा प्लॅन तुम्हीच पास केला होता."

"तुमच्या खुर्चीवरून पास केला होता. चूक माझी आहे."

"माझ्या खुर्चीवरून उत्तम ऐकू येतं."

"येते न. मी तुमच्या खुर्चीसाठीच केलं."

"मग हिलाच सोफ्यावर बसवू. प्लास्टर कशाला फोडायचं?" इंजिनिअरला सरळ रेषा आवडते. मी काही बोलायच्या आत आतून वैनी म्हणाल्या, "मले तिथं नाही जमत. इथून मले सहा पावलं गॅस, दोन पावलं पाणी, चार पावलं बाहेरचं दार. सोफ्यावर बसली का मले घरच समजत नाही, पाहुण्याच्या घरी बसल्यावाणी वाटते."

तरी साहेब नकाशाची घडी काही घालेनात. मी वैनींना शब्द दिला होता, त्यामुळे खरी गोष्ट सांगता येत नव्हती. मग म्हणालो, "साहेब, मी समजावून सांगत नाही. तुम्ही दहा मिनिटं वैनीच्या पाटावर बसा. डोळे मिटून. कूलर चालू."

त्यांच्या गुडघ्यांना खाली बसणं सोपं नव्हतं. तरी बसले. मी कॅसेट लावली आणि त्यांच्या खुर्चीपाशी उभा राहिलो. दोन मिनिटांनी त्यांनी भुवया आवळल्या. पाच मिनिटांनी मान पुढं काढली, जसा कमी ऐकू येणारा माणूस काढतो. दहा मिनिटं झाली तरी डोळे उघडले नाहीत. मी कॅसेट बंद केली. कूलरही बंद केला. तेव्हा अगदी हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासूनच," मी म्हणालो.

ते भिंतीला धरून उठले, आतल्या खोलीत गेले आणि छिन्नी-हातोडा घेऊन आले. प्लास्टरवर पहिला घाव त्यांनीच घातला.

चार दिवस आम्ही दोघं त्या उकाड्यात राबलो. पहिला प्रश्न कूलरचा. तो वैनींपासून लांब न्यायचा तर जागा एकच होती, पश्चिमेची खिडकी, आणि नव्या मांडणीत साहेबांची खुर्ची बरोबर तिथंच येत होती. मी म्हणालो, खुर्ची हलवू. ते म्हणाले, "नाही. तीस वर्षं टर्बाइनशेजारी काढली. मला घरघरीची सवय आहे." लोहाराला बोलावून खिडकीची चौकट कापून घेतली.

मागचे स्पीकर कुठं लावायचे हे मी ठरवलं नाही. वैनींना म्हणालो, "तुम्ही सांगाल तिथं खिळा." पहिल्यांदा त्यांच्या दोन्ही बाजूंना लावले. त्या म्हणाल्या, "कानात कोणी फुंकून राहिलं." वर नेले, म्हणाल्या, "पाऊस छतावर नाही, माह्या डोक्यावर पडून राहिला." शेवटी दाराच्या दोन्ही अंगांना उंच, तोंड छताकडे करून लावले. आवाज छतावर आपटून पसरायला लागला. त्या दोनदा मान फिरवून म्हणाल्या, "आता नाही समजत कुठून येते." मी म्हणालो, "हेच पाहिजे."

समोरच्या डब्यांनी मात्र माझं सगळं शिक्षण बाहेर काढलं. मी ते नियमाप्रमाणे ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवले. वैनी खाली बसणाऱ्या, म्हणून बरेच खाली. कॅसेट लावली. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा माणूस बसून बोलून राहिला का?"

मी टीव्हीकडे पाहिलं. "नाही, उभा आहे."

"मंग त्याचा आवाज कमरेतून काहून येते?"

ज्याला दिसतं त्याचा कान डोळ्याच्या मागं जातो. टीव्हीत तोंड दिसलं की आवाज त्या तोंडातूनच येतोय असं वाटतं, डबा कुठंही असो. वैनींना तोंड दिसत नव्हतं. त्यांच्यासाठी माणूस जिथून बोलतो तिथं त्याचं तोंड असलं पाहिजे. आम्ही डबे उभ्या माणसाच्या तोंडाइतके वर नेले आणि थोडे खाली झुकवले. कोणत्याही पुस्तकात हे बसत नव्हतं. साहेब फूटपट्टी घेऊन उभे होते, ती त्यांनी खिशात ठेवली.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. त्या उन्हाळ्यानंतर मी माझ्या जुन्या घरांत परत गेलो. न बोलावता. दारात उभं राहून विचारायचो, "बाई कुठं बसतात?" काही ठिकाणी लोक हसले. एका घरी मालक म्हणाला, तिला कुठं वेळ आहे, आणि दार लावून घेतलं. दोन घरांत बाया ओट्यापाशी ऐकत होत्या, तिथं मी फक्त बोलणं वाजवणारा एक छोटा स्पीकर स्वयंपाकघरात दिला. पण त्याआधीच्या बारा वर्षांत किती जणी माझ्या मागच्या स्पीकरखाली बसून "मस्त होता" म्हणाल्या असतील, त्याचा पत्ता मला कधी लागणार नाही. ज्यांनी तोंडानं सांगितलं नाही आणि ज्यांना मी विचारलं नाही, त्या तशाच राहिल्या. माझी बायको त्यांतलीच. आमच्या घरचे डबे मी हलवले, पण उशिरा हलवले.

पाचव्या दिवशी दुपारी वैरागडेंच्या खोलीत शेवटची ट्रायल झाली. वैनी त्यांच्या पाटावर. टीव्ही समोर बारा फुटांवर. साहेब त्या टोकाला, वेताच्या खुर्चीत, कूलरला कान लावून. मी जायला निघालो तर वैनी म्हणाल्या, "बसा भाऊ. तुम्हीही पाहा." मी त्यांच्या पलीकडे दाराच्या चौकटीला टेकून बसलो. त्यांनी जानेवारीतलीच पहिली कॅसेट लावायला सांगितली. त्या पिक्चरमध्ये एक गरीब बाप होता, दोन मुलं, मोठा शहरात जातो, बाप आजारी पडतो, पाऊस, दवाखाना, असलं सगळं.

मी पिक्चर बघितलाच नाही. वैनींकडे बघत होतो. पहिल्या बोलण्याला त्यांनी मान जराशी वर केली. नंतर त्यांचे ओठ हलायला लागले. शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघत होत्या. मधे दूध उतू जायचा वास आला तर उठून सहा पावलं गेल्या, गॅस बंद केला आणि परत येऊन बसल्या. काही चुकलं नाही, आतही ऐकू येत होतं. दवाखान्याच्या जागी बाजा एकदम भरून आला. तिथं त्यांनी पदर डोळ्यांपाशी नेला. मग पदर तसाच हातात राहिला. त्या पुढं वाकून ऐकत राहिल्या, शेवटपर्यंत.

पिक्चर संपला. मी विचारलं, "आलं का सगळं ऐकू?"

वैनींनी हातातला पदर खाली सोडला. मग माझ्याकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, "भाऊ, तो बाप तं मरतच नाही."

"नाही न. बरा होते."

"मी तं तीनदा रडली त्याच्यासाठी."

त्या टोकाला कूलरच्या घरघरीत साहेबांना आमचं काही ऐकू गेलं नव्हतं. ते खुर्चीतून पुढं वाकून, कानामागं हात धरून विचारत होते, "काय म्हणून राहिली?"

वैनींनी डोळे पुसले आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "काही नाही जी. मस्त होता म्हणते."